ओठ नसलेल्यांची भाषा

घ्राट भाषा मी केलेली नाही. ती डॉक्टर दिनकर तिजारे यांनी केली.

हे आधीच लिहून टाकतो. माझ्या वयाचा माणूस प्रस्तावनेला बसला की मधे चहा येतो, चहानंतर झोप येते आणि मुद्दा राहून जातो. हा मुद्दा आधीच फार दिवस राहिलेला आहे.

ज्यांनी ‘कोळशाखालचं राज्य’ ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही मोबाइलवर ऐकायची मालिका. सावनेरकडच्या कोळशाच्या खाणींच्याही खाली, खूप खोल, घ्राट नावाचे क्रूर लोक राहतात. त्यांना उजेड सोसत नाही, म्हणून वरच्या जगातला सगळा उजेड त्यांना विझवायचा आहे. वरून एक राजकुमार त्यांच्याशी लढायला उतरतो. ही गोष्ट माझी. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालो आणि नातवंडं परदेशी असल्यामुळे सांगायला कुणी नव्हतं, म्हणून लिहिली. पण लोकांच्या लक्षात राहिली ती गोष्ट नव्हे, राक्षसांची भाषा. नागपुरातली पोरं तीत भांडतात. सिग्नलला मागून हॉर्न वाजवणाऱ्यावर एक मुलगी हेल्मेटमधून हळूच ‘ल्हाक’ म्हणाली, आणि तो खरोखर गप्प झाला, हे मी रिक्षात बसून ऐकलं आहे.

गेल्या हिवाळ्यात एका कॉलेजनं मला बोलावलं. पोरांनी गालांना काजळी फासली होती. सगळं सभागृह एका आवाजात, अगदी दबक्या आवाजात, ‘ढिरा ल्हाक’ म्हणत होतं. शेकडो पोरं कुजबुजत आहेत असं ऐकलं आहे का कुणी? माझ्या अंगावर काटा आला. निवेदकानं सांगितलं, ‘आणि हे घ्राट भाषेचे जनक!’ मी ‘नाही, नाही’ म्हणेपर्यंत खांद्यावर शाल पडली होती, हातात नारळ होता. नारळ हातात असताना माणसाला खरं बोलायला जमत नाही. निदान मला जमलं नाही.

म्हणून हे लिहितो आहे. त्याच्याविषयी एकेरीतच लिहीन. समोर असतानाही आम्ही एकेरीतच बोलायचो.

दिनकर दातांचा डॉक्टर होता. नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत, भांड्यांच्या दुकानाच्या वर त्याचा दवाखाना. खाली पितळेचे डबे आपटायचे, वर मशीन घोंघावायचं, आणि त्या दोन्हींच्या वर दिनकरचं बोलणं चालू. माणूस अंगानं रुंद, हात मात्र लहान मुलाचे असावेत तसे लहान आणि गुबगुबीत. अंगाला कायम लवंगेच्या तेलाचा वास. घर प्रतापनगरात, माझ्या घराच्या समोरच. गाव सावनेरजवळ, शेती भावाकडे, आणि बोलणं शेवटपर्यंत गावचंच. शहरात शिकला, शहरात म्हातारा झाला, पण ‘मला’ म्हणायला काही शिकला नाही. मलेच म्हणायचा.

माणसांना तो चेहऱ्यानं ओळखत नसे. लग्नात कुणी हात जोडून ‘ओळखलं का डॉक्टरसाहेब?’ विचारलं की तो म्हणायचा, ‘हासा बरं जरा.’ समोरचा हसला की लगेच, ‘अरे! खालची अक्कलदाढ आडवी! काटोल रोडले राहता ना तुम्ही?’

आणि त्याची ती मोठी खोड. पेशंटच्या तोंडात आरसा, नळी, कापूस, आपली दोन बोटं, सगळं घालून झालं की हा गप्पा सुरू करायचा.

‘मंग, पोरीचं जमलं का?’

‘आँ-आ-ऱ्याआ,’ पेशंट म्हणायचा.

‘भंडाऱ्याचा? वा! नोकरी कायची हाये?’

‘एँ-ए.’

‘बँकेत! मंग काय, पेढे पाहिजेत. पन तुम्ही नका खाऊ.’

मला कित्येक वर्षं वाटायचं, हा मनचं बोलतो. एकदा मी पायऱ्यांवर त्या पेशंटला गाठून विचारलं. मुलगा भंडाऱ्याचाच होता आणि बँकेतच होता. दिनकरला उघड्या तोंडाची भाषा येत होती. जन्मभर तो तीच ऐकत आला होता.

काम संपलं की तो दिवा बाजूला सारायचा आणि म्हणायचा, ‘झालं गा. थूक.’ बाई असली की, ‘झालं वं बाई. थूक.’ ‘झालं’ हा शब्द तो दुखणं पूर्ण संपल्याशिवाय कधीही उच्चारत नसे. बाकीचे डॉक्टर ‘झालंच, झालंच’ म्हणत अर्धा तास टोकरतात. याचं ‘झालं’ म्हणजे झालं. त्या शब्दानं खुर्चीतल्या माणसाचे खांदे खाली आलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

मालिकेचा पहिला भाग लिहिला तो मी त्यालाच वाचून दाखवला. त्याच्या गच्चीवर, चहा घेत. राक्षसांची भाषा मी मोठ्या मेहनतीनं तयार केली होती. सगळी कठोर व्यंजनं गोळा करून एकावर एक रचली होती. उभा राहून, हात उगारून मी गर्जना केली, ‘खर्र खट्ट ढर्रक! ख्खाळ खर्रट!’

दिनकरनं शांतपणे बशी खाली ठेवली.

‘परभाकर,’ तो म्हणाला, ‘याले अडुळसा दे.’

‘काय?’

‘हा राक्षस नाही गा, बिमार मानूस हाये. छातीत कफ झाला त्याच्या.’

मी चिडलो. पण पुढे वाचत गेलो. पुढे राक्षसांचे शिपाई आपसांत बोलतात. त्यांच्या तोंडी मी आपली इकडची बोली घातली होती, ‘काहून बे, कुठी चालला?’ वगैरे. दिनकर ऐकत होता. मग त्यानं विचारलं, ‘तुह्या गोष्टीतला राजकुमार कुठचा?’

‘काल्पनिक आहे.’

‘बोलते तं पुन्याचा. राजकुमार पुन्याचा, आन राक्षस सावनेरचा. काहून गा?’

मी म्हणालो, ‘अरे, नाटकात तशी पद्धत आहे. नोकर, दरोडेखोर असेच बोलतात. लोकांना मजा येते.’

‘माह्या मायनं मले याच भाषेत झोपोलं,’ तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, खरोखरचं कुतूहल होतं. ‘तुह्या मायनंही तुले यातच झोपोलं असन. तुले त्यात राक्षस दिसला कुठी?’

माझी आई महालात जन्मभर ‘मले-तुले’च म्हणत होती. मी कॉलेजात गेल्यावर ते पुसून टाकलं आणि पुढे पोरांच्या पेपरांतूनही लाल शाईनं पुसत राहिलो.

‘दुष्टायले त्यायची सोताची भाषा दे,’ दिनकर म्हणाला. ‘कोनाची उसनी नको घेऊ.’

आणि ती भाषा सापडली माझ्याच तोंडात.

माझी दाढ किडली होती. दिनकरनं खुर्चीत पाडलं, डोळ्यांवर दिवा ओढला, तोंड कापसानं भरलं आणि मशीन लावलं. एका क्षणी कळ डोक्यात गेली आणि मी ओरडलो, ‘अरे मरतो बाबा, थांब!’ ओरडलो म्हणजे माझ्या मनात. बाहेर आलं ते निराळंच, ‘अऱ्हे अँरतो आआ, ठाँ!’

मशीन बंद झालं. मला वाटलं, दया आली.

दिनकर चष्म्याआडून माझ्याकडे टक लावून पाहत होता. चेहरा दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखा उजळलेला.

‘पुन्हा म्हन!’

मी पुन्हा म्हटलं.

‘आता जोरात नको. हळू म्हन. श्वास सोडत सोडत.’

मी हळू म्हटलं. पडद्यापलीकडे बाकावर एक धट्टीकट्टी बाई आपल्या नंबराची वाट पाहत होती. ती उठली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेली.

‘पाह्यलं!’ दिनकर खुर्चीभोवती अक्षरशः नाचला. ‘पाह्यलं! तू दाढ दुखते म्हनून राहिला आन ती बाई पळाली! काहून पळाली? तुह्ये ओठ लागून नाही राहिले, परभाकर! ओठ म्हनजे तोंडाचं दार. दार नसलेल्या घरातून आवाज आला की मानूस भेते!’

मी ‘आझी आढ’ असं काहीतरी म्हणालो. माझी दाढ अर्धी कोरलेली होती. त्यानं तीत घाईघाईनं कापूस कोंबला आणि खाली जाऊन चहा सांगितला. ती दाढ पुढच्या आठवड्यात भरली गेली. भाषा त्याच दिवशी जन्मली.

कोळशाच्या धगीनं ज्यांचे ओठ जळून गेले आहेत असे लोक. नियम एकच, ओठाला ओठ लागायचा नाही. प, फ, ब, भ, म गेले हद्दपार, त्यांच्यापाठोपाठ व. दिनकरचा दुसरा नियम आवाजाचा होता. ‘मोठ्यानं बोलते तो गुंड. हळू बोलते तो राक्षस.’ माझ्या सगळ्या गर्जना त्यानं एका वाक्यात निकालात काढल्या.

नंतरचे महिने! मी माझ्या आयुष्यात इतका आनंदी कधी नव्हतो. मी जेवत असायचो आणि फोन यायचा. नमस्कार नाही, काही नाही, एकदम, ‘परभाकर! मिळाला!’

‘कोणता?’

‘मिठाचा शब्द! आईक.’

मी म्हणायचो, ‘राक्षसांना मिठाचा शब्द कशाला? त्यांना धमक्या पाहिजेत.’

‘जेवत नाहीत का ते? नुसत्या धमक्या खाऊन राह्यले का?’

त्यानं छत गळण्याचा शब्द केला. मी म्हटलं, हा कुठे लागणार? तर म्हणे, ‘खानीखाली राहून राह्यले ना बिचारे, पानी गळनार नाही?’ तहानेचा केला, उशीर होण्याचा केला, जावयाचा केला. जावयाचा शब्द मी मालिकेत वापरू शकलो नाही, याचं त्याला वाईट वाटलं.

सगळ्यात प्रसिद्ध शब्द मात्र खुर्चीतूनच आले. ‘ढिरा’ म्हणजे उजेड, आणि ‘ढिरा’ म्हणजेच दुखणं. दोन्हींना एकच शब्द, कारण खुर्चीतल्या माणसाला दिवा डोळ्यांवर आला की कळ येणार हे ठाऊक असतं. ‘ल्हाक’ म्हणजे थांब, हे तर प्रत्येक पेशंट हात उचलून म्हणतोच. ‘ढिरा ल्हाक!’ उजेड थांबवा! अख्ख्या दुष्ट सेनेची ती रणघोषणा, जी ऐकून आज पोरं शहारतात, ती मुळात दातदुखीनं बेजार झालेल्या माणसाची विनवणी आहे. दिनकरला हे इतकं आवडायचं की सांगताना हसून डोळ्यांत पाणी यायचं.

एकदा मी सहज म्हटलं, ‘यांच्यात माफी कशी मागतात? म नाही, फ नाही.’

त्यानं विचार केला. ‘त्याचा शब्द नाही केला अजून. लागला की करू.’

ध्वनिमुद्रण आमच्याच गल्लीतल्या रुचाच्या घरी व्हायचं. मालिका काढणारी ती. एका खोलीच्या भिंतींना तिनं गाद्या बांधल्या होत्या. दिनकर नटांच्या दोन ओठांमधे आगकाडी उभी धरायला लावायचा, ओठ मिटले की टोचायची. घ्राटांचा राजा आजाख्र याचं काम करणारा नट गावभर ऐकू जाईल असा ओरडायचा. दिनकरनं त्याला करून दाखवलं. डोळे अर्धे मिटून, जवळजवळ प्रेमानं म्हणाला, ‘ढिरा... ल्हाक.’ रुचानं नटाकडे पाहिलं, मग दिनकरकडे. ‘काका, तुम्हीच करा ना राजा.’

त्यानं केला. अट एकच घातली, नाव सांगायचं नाही. ‘राक्षसाच्या खुर्चीत कोन बसन वं? दवाखाना बंद होईन माहा.’

तेव्हा नाव नको म्हणाला ते आवाजापुरतं. भाषेचं त्यानं काहीच म्हटलं नव्हतं. मी मात्र ती अट सोयीनं भाषेवरही पसरू दिली.

मालिका शेवटाला आली तेव्हा एका सकाळी तो घाबराघुबरा होऊन माझ्याकडे आला. ‘परभाकर, मोठी गडबड झाली.’

‘काय झालं?’

‘त्यायच्या लेकरायनं मायले काय म्हनावं?’

मी हसलो. तो हसला नाही. ‘म नाही तं माय नाही, आई म्हनू तं ते आपलं. जावयाले शब्द केला आपन, मायले नाही केला! आपन मानसं हाओ का कोन?’

पुढचे काही दिवस तो उदास होता. पेशंटशी गप्पा बंद. मग फोन आला, आणि या वेळी ‘मिळाला’ म्हणताना त्याचा आवाज अगदी खाली होता. तोंड उघडं ठेवून, डोळे मिटून, त्यानं आपल्या गेलेल्या आईला हाक मारून पाहिली होती. ओठ न लावता. जे बाहेर आलं ते होतं ‘आङा’.

‘मायले हाक माराले ओठ नाही लागत गा,’ तो म्हणाला. ‘छाती लागते.’

शेवटच्या भागात कोळसा ढासळतो, वरून उजेडाचा लोट येतो आणि आजाख्र त्याखाली मरतो. दिनकरची इच्छा होती, आजाख्रनं मरताना एकदाच ‘आङा’ म्हणावं. बस, तेवढंच. इतके महिने त्यानं काहीही मागितलं नव्हतं.

त्यानं ते म्हटलं, आणि मुद्रण झालं. रुचानं हेडफोन काढला आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

मी तो शब्द काढून टाकायला लावला.

कारण मी असं दिलं की राक्षस आईला हाक मारायला लागला तर ऐकणाऱ्यांनी राग कुणाचा करायचा? कारण वाईट नव्हतं. पण खरं नव्हतं. खरं हे होतं की आजाख्र मेल्यावर माझ्या राजकुमाराचं एक लांब भाषण होतं. फार सुंदर भाषण. मी ते कितीदा तरी घासूनपुसून लिहिलं होतं. आणि मला त्या खोलीतच कळलं की त्या एका शब्दानंतर माझं भाषण कुणी ऐकणार नाही. रुचा म्हणाली, ‘डॉक्टरकाकांना विचारलंत?’ मी म्हणालो, ‘विचारलं. तो हो म्हणाला.’

शेवटचा भाग आला. दुसऱ्या दिवशी फिरायला जाताना दिनकर माझ्या फाटकाशी थांबला.

‘आईकला शेवटचा भाग.’

‘मग?’

‘राजकुमार चांगला बोलला. लंबा बोलला.’ निघता निघता म्हणाला, ‘राजा न बोलताच मेला.’

एवढंच. भांडला नाही, येणंजाणं सोडलं नाही, माझे दात तपासणं सोडलं नाही. फक्त ‘परभाकर! मिळाला!’ असा फोन पुन्हा कधी आला नाही. मी जेवताना फोनकडे पाहत बसायचो.

नंतर एका कार्यक्रमात मला जाहीर विचारलं गेलं, ही भाषा सुचली कशी? दिनकर दुसऱ्या रांगेत बसला होता. ‘खुर्चीत दाढ दुखत होती तेव्हा’ हे उत्तर माझ्या जिभेवर आलं, आणि समोरचे प्राध्यापक पाहून परत गेलं. मी म्हणालो, संस्कृत पंडितांमधे निरोष्ठ्य रचनेची थोर परंपरा आहे, ओठांत सुई धरून ते श्लोक म्हणत, त्या व्यासंगातून ही भाषा आली. टाळ्या झाल्या. दिनकरनंही वाजवल्या.

परतताना तो माझ्या स्कूटरवर मागे बसला होता. मग कानाशी म्हणाला, ‘ते सुईवाले पंडित चांगले होते गा.’ आणि जरा वेळानं, ‘त्यायचे दात कसे होते?’

मी हसलो. मागून त्याचंही हसणं ऐकू आलं. त्या हसण्यानं मी सुटलो असं मला वाटलं. माणूस स्वतःला फार स्वस्तात सोडून देतो.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण तोंडाची एक बाजू लुळी पडली. ओठाला ओठ लागेना.

आठवडाभर मी समोरच्या घरात गेलो नाही. आधी रुचाकडे गेलो. तिला सगळं सांगितलं, दिनकरनं ‘हो’ म्हटलंच नव्हतं हेही. तिनं कॉम्प्युटर उघडला. मग म्हणाली, ‘काका, मी तो शब्द पुसला नव्हता. पुसवलाच नाही.’ तिनं त्याच दिवशी तो जागेवर बसवला. राजकुमाराचं भाषण काढायला मीच सांगितलं. ‘सगळं?’ तिनं विचारलं. ‘सगळं,’ मी म्हणालो. आणि खोटं वाटेल, पण मला एकदम हलकं वाटलं. जिना उतरताना मी शीळ घालत होतो. हातात मोबाइल घेऊन मी समोरच्या फाटकात जवळजवळ पळत शिरलो.

दार दिनकरच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी उघडलं. डोळे सुजलेले. ‘भाऊजी, यांचं काहीच समजत नाही हो. मघापासून काहीतरी सांगून राहिले. चिडून राहिले. फक्त माझं नाव तेवढं नीट येते.’

खरंच, सुनंदा या नावाला ओठ लागत नाहीत. तेवढं एक नाव त्याच्याजवळ अख्खं उरलं होतं.

दिनकर पलंगावर उशांना टेकून बसला होता. दुपारचं ऊन खिडकीतून थेट चेहऱ्यावर. मला पाहताच त्यानं लहानसा हात उचलला आणि हळू, श्वास सोडत म्हणाला, ‘ढिरा... ल्हाक.’

मी जाऊन पडदा ओढला.

‘काय म्हणाले?’ वहिनींनी विचारलं.

‘डोळ्यांवर ऊन येतं, पडदा लावा म्हणाला.’

‘एवढंच?’ वहिनी तिथेच स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता रडल्या. दिनकर अर्ध्या चेहऱ्यानं हसत होता, खांदे गदगदत होते. मग आमचं सुरू झालं. तहानेचा शब्द, मिठाचा शब्द. पेजेत मीठ नाही, ही त्याची तक्रार होती! मी एकेक सांगत होतो आणि वहिनी आत-बाहेर पळत होत्या. शेवटी त्यानं जावयाचा शब्द वापरला. जावई सकाळ-दुपार येऊन बसतो, त्याला घरी पाठवा. मालिकेत मला वापरता आला नव्हता तोच शब्द!

मग मी मोबाइल त्याच्या कानाशी धरला. कोळसा ढासळला. उजेडाचा लोट आला. आणि त्याचाच आवाज, धडधाकट ओठ मुद्दाम वेगळे धरून काढलेला, म्हणाला, ‘आङा.’

त्यानंतर भाषण नव्हतं. शांतता होती.

दिनकरनं डोळे मिटले. बोटानं खूण केली, पुन्हा. मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा मोबाइल बोलायच्या आधी तोच बोलला. या वेळी ओठांत आगकाडी नव्हती, लागणारही नव्हती.

मग त्यानं डोळे उघडले, मला जवळ बोलावलं आणि स्वतःची हनुवटी खाली ओढून दाखवली. तोंड उघड.

मी पलंगापाशी गुडघ्यांवर बसलो आणि आ केला. त्याचं बोट आत आलं आणि बरोबर ती दाढ चाचपू लागलं. त्यानंच भरलेली. बोटाला अजून लवंगेचा वास होता. नाव, पंडित, ते भाषण, तो शब्द, सगळं मला सांगायचं होतं. तोंड उघडं, बोट आत. मी म्हणालो, ‘आँह कर, इनकर.’

त्याचं बोट थांबलं. उघड्या तोंडाचं बोलणं जन्मभर ऐकलेल्या त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, जसा तो भंडाऱ्याचा मुलगा कळल्यावर पेशंटकडे पाहायचा. मग सावकाश बोट बाहेर काढलं, चादरीला पुसलं, आणि दिवा बाजूला सारावा तसा हवेतच हात सारला.

‘झालं गा,’ तो म्हणाला. एकही अक्षर न सांडता. ‘थूक.’